मूठ कुणी शिकवली?

बहिणीला मुलगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी दवाखान्याच्या खोलीत पाळण्याभोवती गोळा झालो होतो. बाळ गाढ झोपेत होतं. पापण्या अजून सुजलेल्या, खांद्यांवर आणि कानांच्या पाळ्यांवर बारीक लव, नखं इतकी पातळ की टोकाशी आत वळलेली. आत्याने आपली करंगळी अलगद त्याच्या तळहातावर टेकवली आणि त्या एवढ्याशा मुठीने ती गच्च पकडली. तिने बोट सोडवून पाहिलं, तर पकड आणखीच आवळली. "बघा, कसं धरून ठेवलंय," आत्या म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "देवाने पाठवतानाच बजावलंय त्याला, माणसांना सोडायचं नाही म्हणून." राउंडवर आलेली तरुण डॉक्टर तिथेच उभी होती. ती हसून म्हणाली, "सगळ्याच नवजात बाळांमध्ये असतं हे, आजी. माकडाची पिल्लं जन्मल्यापासून आईच्या केसांना धरून राहतात ना, त्यातलंच आपल्यात उरलेलं आहे. चार-सहा महिन्यांत जाईल." बोलण्यात कुठेही तोरा नव्हता. उलट आपण काहीतरी छान सांगतोय असा उत्साह होता. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग बोट तसंच मुठीत ठेवून तिने विचारलं, "म्हणजे हा मला धरत नाहीये?"

डॉक्टरला पुढच्या खोलीत जायचं होतं. ती गेली.

तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. धर्म आणि उत्क्रांती यांच्या भांडणाबद्दल आजवर जे वाचलं, ऐकलं, त्यात हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तिथे पृथ्वीचं वय निघतं, जीवाश्म निघतात, माकडं अजून माकडंच कशी राहिली हे निघतं, धर्मग्रंथांतल्या ओळी निघतात. दोन्हीकडचे लोक हिरिरीने बोलतात आणि ऐकणारा ज्या बाजूचा असतो त्याच बाजूला आणखी घट्ट रुतून घरी जातो. आत्याला पृथ्वीच्या वयाशी काही देणंघेणं नव्हतं. साडेचारशे कोटी वर्षं म्हटलं असतं तरी तिने "असेल बाई" म्हणून मान हलवली असती. त्या मुठीत जे होतं ते तिच्यासाठी होतं की नव्हतं, एवढंच तिला हवं होतं. माझी बाजू मी लपवत नाही. उत्क्रांती घडली आहे आणि घडते आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. डॉक्टर जे बोलली ते जीवशास्त्र म्हणून योग्यच होतं. तरीही आत्याने जे विचारलं त्याला ते उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून मी या दोन गोष्टी एकत्र बाळगून आहे.

मुठीबद्दल मग मी जमेल तिथून वाचत सुटले. ही पकड गर्भातच तयार झालेली असते. बाळ पोटात नाळ धरतं, स्वतःचाच दुसरा हात धरतं. 1891 साली लुई रॉबिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने साठाहून अधिक नवजात बाळांना जेमतेम पाऊण इंच जाडीची काठी किंवा स्वतःचं बोट धरायला देऊन अलगद वर उचललं होतं. काही बाळं तर जन्मून तासही झाला नव्हता अशी. दोन अपवाद सोडले तर प्रत्येक बाळाने किमान दहा सेकंद आपल्या अख्ख्या शरीराचा भार पेलला. ज्याला मान धरता येत नाही, कूस बदलता येत नाही, असा जीव लोंबकळत राहतो, फांदीला धरल्यासारखा. हाताच्या बोटांचं जे, तेच पायाच्या बोटांचंही. बाळाच्या तळपायाला बोटांच्या मुळाशी अंगठ्याने जरा दाबून पाहा. पाचही बोटं आत मुडपतात, काहीतरी धरू पाहतात. आपल्या पायांना धरण्यासारखं काही उरलेलं नाही. लाखो वर्षांपूर्वी त्या पायाचा चालायचा पाय झाला, अंगठा इतर बोटांच्या रांगेत आला. पण पहिले काही महिने ती पाच बोटं जुन्या सवयीने वळत राहतात. मी बाळाच्या पायाशी हे करून पाहिलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. तो काटाही तसाच जुना. अंगावर दाट केस होते तेव्हा ते थंडीत किंवा भीतीत फुलायचे. केस गेले, फुलवणारे बारीक स्नायू राहिले.

हे सगळं वाचताना मला भक्तीसारखंच काहीतरी वाटत होतं, आणि हे आत्याला कसं सांगावं ते कळत नव्हतं. ती म्हणते देवाने बजावून पाठवलं. मी म्हणते, असंख्य आयांनी पाठवलं. ज्या ज्या आईच्या पिल्लाची मूठ सुटली ते पिल्लू खाली पडलं, त्याचा वंश पुढे आला नाही. ज्याची सुटली नाही त्याचे आपण. त्या मुठीत कोट्यवधी वर्षांचं न सुटणं साठलेलं आहे. आत्याला धरायला त्या बाळाने काही ठरवलेलं नव्हतं हे खरं, पण कुणाला तरी धरल्याशिवाय जगता येत नाही हे त्याच्या हाडामासात आधीच लिहिलेलं होतं. पण या वाक्यातसुद्धा एक भयंकर गोष्ट आहे, आणि ती मी घाईघाईने ओलांडून गेले तर आत्याशी अप्रामाणिक होईन. खाली पडलेली पिल्लं. त्यांच्याशिवाय ही मूठ घडलीच नसती.

डार्विनने स्वतःच्या पहिल्या मुलाचं, विल्यमचं, असंच निरीक्षण केलं होतं. विल्यम 27 डिसेंबर 1839 ला जन्मला आणि बापाने वही उघडली. पहिल्या सात दिवसांत शिंका, उचक्या, जांभया, आळोखेपिळोखे, दूध ओढणं हे सगळं बाळाला न शिकवता येतं, अशी नोंद आहे. सातव्या दिवशी त्याने कागदाचा कपटा उघड्या तळपायाला लावून पाहिला. बाळाने पाय झटक्यात मागे घेतला आणि बोटं मुडपली. त्याच्या आदल्या वर्षी तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जेनी नावाच्या ओरांगउटान मादीला पाहून आला होता. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवलं आणि दिलं नाही, तेव्हा ती पाठीवर पडून हातपाय झाडत हट्टी पोरासारखी रडली, असं त्याने बहिणीला कळवलं होतं. विल्यमबद्दलच्या त्या नोंदी 1877 साली लेख म्हणून छापून आल्या. त्या वाचताना मला सारखं जाणवतं की हा माणूस पोराकडे मोजमाप घेणाऱ्याच्या नजरेने बघतो आहे आणि त्याच वेळी बापाच्या नजरेनेही बघतो आहे, आणि एक नजर दुसरीला झाकत नाही. डॉक्टरच्या वाक्यात काय कमी होतं ते तिथे माझ्या लक्षात आलं. ते वाक्य खरं होतं, पण बाळाच्या पाळण्याशी उभ्या असलेल्या बाईला ते तिथून बाजूला करत होतं.

आणि त्याच घरात एमा होती, त्याची बायको.

एमा श्रद्धाळू होती. भाबडी नव्हे, विचार करून श्रद्धाळू. लग्नाआधीच चार्ल्सने तिच्यापाशी आपल्या मनातल्या शंका बोलून दाखवल्या होत्या. लपवून ठेव, असा सल्ला त्याच्या वडिलांनी दिला होता. त्याने तो मानला नाही. 1839 मध्ये, लग्नानंतर लवकरच, एमाने त्याला एक पत्र लिहिलं. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला पत्र लिहावं लागतं, यातच तिला बोलणं किती जड जात होतं ते कळतं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की सिद्ध होईपर्यंत काहीच मानायचं नाही ही विज्ञानाची सवय तुझ्या मनावर अशा गोष्टींतही चालत नसेल ना, ज्या त्याच पद्धतीने सिद्ध करताच येत नाहीत? आणि शेवटी तिने जे लिहिलं आहे तिथे मी थबकते. तुझं जे काही आहे ते माझंही आहे, आपण कायमचे एकमेकांचे नाही असं मला वाटलं तर मी फार दुःखी होईन. पृथ्वी कधी घडली, जाती बदलतात की नाही, यातलं त्या ओळीत काहीच नाही. मेल्यानंतर आपण भेटू की नाही, हा तिचा प्रश्न होता. चार्ल्सने ते पत्र आयुष्यभर जपलं. त्यावर त्याने लिहून ठेवलं होतं, मी मेल्यावर तुला कळू दे, मी याला किती वेळा ओठ लावले आहेत आणि यावर किती वेळा रडलो आहे. त्याने तिचं म्हणणं मान्य केल्याचं मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

पुढे 1851 साली त्यांची अ‍ॅनी गेली. दहा वर्षांची होती. मॅल्व्हर्न गावी जलोपचारासाठी तिला नेलं होतं, चार्ल्स उशाशी होता. एमाचे दिवस भरत आले होते म्हणून ती घरीच अडकली होती. चार्ल्स तिला रोज पत्र लिहून पोरीचं कसं आहे ते कळवायचा, किती घोट पाणी गेलं, किती वेळा उलटी झाली, केव्हा हसली. 23 एप्रिलला अ‍ॅनी गेली. आठवड्याभराने त्याने तिच्याबद्दल काही पानं लिहिली आणि त्यात म्हटलं, घराचा आनंद गेला, आमच्या म्हातारपणाचा विसावा गेला. अ‍ॅनी कुठे भेटेल असं त्या पानांत काही नाही. ती गेली तेव्हा अमुक एका चांगल्यासाठी गेली असंही नाही. मृत्यूने श्रद्धा संपली की ती आधीच विरत आली होती यावर अभ्यासक वाद घालतात, तो वाद मला फार महत्त्वाचा वाटत नाही. एमाने अ‍ॅनीच्या लिहिण्याच्या पेटीत तिच्या वस्तू जपून ठेवल्या. ती पेटी पुढच्या पिढ्यांमध्ये सापडली. दोघांनी एकच मूल गमावलं, आणि एकाच घरात राहून दोघांनी त्याचे दोन वेगळे अर्थ आयुष्यभर सांभाळले.

आत्याचा पहिला मुलगा तापाने गेला. बोलायला लागला होता. घरात त्याचा विषय निघत नाही. बाळाला बघून आल्यावर संध्याकाळी आम्ही दोघीच होतो तेव्हा तिने आपणहून तो काढला. तिने माझी पुस्तकं पाहिली आहेत, मी काय मानते ते तिला ठाऊक आहे, त्यावरून तिने कधी मला बोल लावलेला नाही. ती म्हणाली, "तुझं सगळं खरं असेल गं. माकडापासून झालो, माशापासून झालो, माझं काही म्हणणं नाही. पण माझा बाळ्या कुठेतरी आहे. तुझ्या त्या खऱ्यामध्ये तो कुठे आहे?" तिला दिलासा देण्यासाठी पटकन तोंडातून निघावं असं एकही वाक्य मला सुचलं नाही. खोटं बोलवेना. आणि खरं सांगायचं तर उत्क्रांतीजवळ या प्रश्नाचं उत्तर नाही. मी तिचा हात धरून बसले.

1860 च्या मे महिन्यात डार्विनने अमेरिकेतल्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात हीच अडचण आहे. ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होता आणि उत्क्रांतीचा खंदा समर्थकही. डार्विन त्याला लिहितो, नास्तिकपणे लिहावं असा माझा हेतू नव्हता, पण जगात इतकं दुःख दिसतं. तो उदाहरण देतो ते गांधीलमाशीच्या जातीतल्या एका परजीवी किड्याचं. मादी जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते, त्यातून निघालेल्या अळ्या त्याला आतून खातात. दयाळू आणि सर्वशक्तिमान परमेश्वराने हे मुद्दाम, ठरवून निर्माण केलं असेल हे माझ्या मनाला पटवून देता येत नाही, असं तो म्हणतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. हे विलक्षण विश्व, विशेषतः माणूस, निव्वळ आंधळ्या जोराने घडला यावरही त्याचं मन ठरत नाही, आणि शेवटी तो म्हणतो की हा सगळा विषयच माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही, कुत्र्याने न्यूटनच्या मनाबद्दल अंदाज बांधावा तसं हे आहे. हे पत्र मला त्याच्या अनेक पानांपेक्षा मोलाचं वाटतं. त्यातला माणूस दुःखाकडे बघून तत्त्वज्ञानात पळून जात नाही. माझ्या मते श्रद्धेचा आणि उत्क्रांतीचा खरा सामना होतो तो इथे, सुरवंटाच्या पोटात आणि अ‍ॅनीच्या उशाशी. सजीव बदलत आले हे मानणारा देव मानू शकतो, लाखोंनी मानलेला आहे. पण बदलाचं इंधन म्हणजे मरणं, आणि तेही बहुतेक वेळा लहानपणीचं मरणं, हे कळल्यावर त्या देवाला काय विचारायचं हे प्रत्येकाला आपलं आपल्याला ठरवावं लागतं.

या सामन्यातून सुटण्याचा एक विचित्र मार्ग डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक यायच्या दोन वर्षं आधी फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने काढला होता. समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि बायबलमधलं प्रत्येक अक्षर तो खरं मानत होता. त्याच वर्षी, 1857 मध्ये, त्याची बायको एमिली कर्करोगाने गेली. त्याच्या पुस्तकात प्रश्न असा: आईच्या पोटी न जन्मलेल्या पहिल्या माणसाला, आदमला, बेंबी होती का? होती, असं गॉसचं उत्तर. पहिल्या दिवशीच्या झाडांच्या खोडात वर्षावर्षांची वलयं असणार, पहिल्या प्राण्यांचे दात झिजलेले असणार, आणि खडकांत कधीच न जगलेल्या प्राण्यांचे सांगाडे असणार, कारण जग निर्माण करायचं तर ते चालू स्थितीतच निर्माण करावं लागतं. त्याला मनापासून वाटत होतं की आपण दोन्ही बाजूंना जोडणारा पूल बांधला. दोन्ही बाजूंनी त्याला झिडकारलं. त्याला सगळ्यांत खोल उत्तर दिलं ते धर्मोपदेशक असलेल्या चार्ल्स किंग्जलीने. देवाने खडकांवर मानवजातीसाठी एक प्रचंड आणि अनावश्यक खोटं लिहून ठेवलं आहे हे मी मानू शकत नाही, असं त्याने गॉसला कळवलं. श्रद्धावानाने श्रद्धेसाठी घेतलेली ही हरकत आहे. मला ती फार थोर वाटते. किंग्जलीचा देव खोटं बोलत नाही, म्हणून खडक जे सांगतात ते ऐकायलाच हवं.

आणि खडकच का, स्वतःचं शरीरही साक्ष देतं. दवाखान्यात आत्याचा आवाज जड झाला तेव्हा तिच्या स्वरयंत्राला आज्ञा देणारी जी नस काम करत होती, तिचा डाव्या बाजूचा रस्ता बघण्यासारखा आहे. मेंदूतून निघालेल्या मोठ्या नसेची ही एक शाखा. मेंदूपासून स्वरयंत्रापर्यंतचं अंतर वीतभरही नाही. पण ही नस मानेतून सरळ खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर चढत स्वरयंत्राला येऊन मिळते. जिराफात हाच फेरा कित्येक मीटरांचा होतो. कुणी नव्याने आखायला बसलं असतं तर असा रस्ता आखला नसता. माशांमध्ये या नसेची पूर्वज नस कल्ल्यांकडे सरळ जाते, तिथल्या रक्तवाहिनीच्या मागून. पुढे मान आली, लांबली, हृदय खाली छातीत गेलं. नस रक्तवाहिनीत अडकलेली होती, तीही खाली ओढली गेली. मध्येच तोडून नवीन जोडणी करायची सोय निसर्गाकडे नसते; प्रत्येक पिढीला चालू शरीर लागतं. थायरॉइडचं ऑपरेशन करणारे सर्जन ही नस डोळ्यांत तेल घालून सांभाळतात, कारण तिला धक्का लागला तर रुग्णाचा आवाज बसतो. ही नस कुणी कुणाचा विश्वास परखायला तिथे मुद्दाम घातली असेल, तर आपण पुन्हा गॉसच्या बेंबीपाशी येतो. माझ्यापुरतं मी किंग्जलीबरोबर उभी राहते.

जे भांडण लोकांच्या लक्षात राहतं ते वेगळंच. 30 जून 1860 ची ऑक्सफर्डची सभा, बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचा पाठीराखा जीवशास्त्रज्ञ हक्सले, तुम्ही माकडाचे वंशज ते आजोबांकडून की आजीकडून हा बिशपने विचारल्याचा सांगितला जाणारा प्रश्न. त्या दिवशी नेमकं काय बोललं गेलं त्याची शब्दशः नोंद कुणी केली नव्हती, आज सांगितली जाते ती हकीकत नंतरच्या आठवणींतून जुळवलेली आहे. डार्विन तर तिथे नव्हताच, आजारपणामुळे उपचारांसाठी दुसरीकडे होता. मग 1925 चा टेनेसीतला खटला, उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकाला झालेला 100 डॉलरचा दंड, आणि तो कायदा 1967 पर्यंत रद्द झाला नाही ही गोष्ट. अशा खटल्यांनी कुणाचं मन बदललं असं मला वाटत नाही. मात्र पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेवर पालकांनी भरलेला, 2005 साली निकाल लागलेला खटला मी वेगळा काढते. जीवसृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार आहे हे मत शाळेने विज्ञानाच्या तासाला मुलांपुढे ठेवलं होतं. पालकांच्या बाजूने मुख्य साक्ष दिली केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञाने. ते कॅथलिक आहेत. आणि हे विज्ञान नाही असा निकाल देणारे न्यायाधीश जॉन जोन्स स्वतः चर्चला जाणारे. या दोघांना देव सोडून यावं लागलं नाही. मुलांना खोटं सांगू नये, एवढ्यावर ते दोघे ठाम होते.

मुलांचं मला फार वाटतं. ज्या मुलाला सांगितलं गेलं की उत्क्रांती खरी असेल तर देव खोटा, ते मूल मोठं होतं, एखाद्या प्रयोगशाळेत उभं राहतं, आणि त्याच्यापुढे दोनच दारं उरतात. एक तर त्याने डोळ्यांसमोरचं नाकारायचं, नाहीतर आईवडिलांनी शिकवलेलं सगळंच्या सगळं, प्रार्थना, दया, क्षमा यांच्यासकट, बाहेर फेकून द्यायचं. ही दोनच दारं ठेवणारी मोठी माणसं त्याच्यावर अन्याय करतात, मग ती देवघरातली असोत की व्याख्यानाच्या मंचावरची. अनुवंशाचे नियम मटारच्या रोपांवरून शोधणारा ग्रेगोर मेंडेल ख्रिस्ती मठात राहणारा होता आणि पुढे त्याच मठाचा प्रमुख झाला. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, असं 1973 साली ठणकावून लिहिणारे थिओडोसिअस डोब्झान्स्की त्याच लेखात आपण देव मानतो असंही लिहून गेले. त्यांचं दोन्ही मला पटलंच पाहिजे असं नाही. डोब्झान्स्कींनी सुरवंटाला काय उत्तर दिलं असतं ते मला अजूनही समजलेलं नाही. पण त्यांच्या मनात एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढलं नव्हतं.

डार्विन स्वतः शेवटी अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, झाला. मात्र 1879 मध्ये एका गृहस्थाने विचारलं तेव्हा त्याने स्पष्ट लिहिलं की एखादा माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, याबद्दल शंका घेणंच मला अर्थहीन वाटतं. रविवारी घरची मंडळी चर्चमध्ये जायची आणि तो बाहेर फिरायला जायचा. गावचे पाद्री इनेस त्याचे आयुष्यभराचे मित्र, गावच्या कोळसा आणि कपड्यांच्या मदतनिधीचे हिशेब हाच बघायचा. पण सगळं इतकं सुरळीतही नव्हतं. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत, 1860 मध्ये, त्याने शेवटच्या वाक्यात आद्य जीवांत प्राण फुंकणारा निर्माता घातला. तीन वर्षांनी मित्राला लिहिताना, लोकमतापुढे आपण वाकलो याची खंत बरेच दिवस वाटते आहे, असं त्याने कबूल केलं. घरात पत्नी, बाहेर समाज, आत स्वतःचं मन. या तिघांना एकाच वाक्यात सांभाळायला गेलेला माणूस मला तिथे दिसतो. आत्यासमोर गप्प बसताना माझ्या मनात हेच वाक्य होतं. मायेपोटी एखादं वाक्य घालावं, आणि मग ते खुपत राहावं.

त्याच्या मृत्यूनंतर त्याचं आत्मकथन छापायची वेळ आली. संपादन करत होता मुलगा फ्रान्सिस. 1885 मध्ये एमाने त्याला लिहून एक वाक्य वगळायला सांगितलं. त्या वाक्यात चार्ल्सने म्हटलं होतं, की लहानपणापासून मनावर देव बिंबवला तर त्याचा ठसा इतका खोल उमटत असेल की पुढे तो काढून टाकणं, माकडाने सापाची उपजत भीती टाकून देण्याइतकंच अवघड होत असावं. एमाने कारणं दिली. माणसाची सगळी नीती उत्क्रांतीतून आली हे तुझ्या वडिलांचं मत मला वेदना देतं, आणि त्यांच्यावर जीव असलेल्या श्रद्धाळू मित्रांना या वाक्याने दुखवू नये. 1887 साली आत्मकथन छापलं तेव्हा ते वाक्य त्यात नव्हतं. ते परत आलं 1958 मध्ये, नात नोरा बार्लोने गाळलेला सगळा मजकूर जागच्या जागी घालून आत्मकथन पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा.

ते वाक्य परत आलं हे योग्यच झालं असं मला वाटतं. आजोबांनी लिहिलेलं आजीला दुखवतं म्हणून कायमचं नाहीसं होऊ नये. पण एमाने दिलेल्या पहिल्या कारणावर मी सारखी परत येते, कारण तिच्याशी मला भांडायचं आहे. नीती उत्क्रांतीतून आली तर ती कमअस्सल ठरते, असं तिला वाटत होतं. अगदी तसंच आत्यालाही वाटलं, की मूठ माकडाकडून आली तर ती तिची राहिली नाही. मला तसं वाटत नाही. तहान शरीराच्या गरजेतून आली म्हणून पाण्याचं सुख खोटं होत नाही. दुसऱ्याचं रडू ऐकून आपल्या घशात आवंढा येतो तो आपल्या आधीच्या हजारो पिढ्यांनी एकमेकांना सांभाळलं म्हणून येतो, आणि तो आज, आत्ता, या माणसासाठी येतो. एमा, तू अ‍ॅनीची पेटी जपलीस ती माया उत्क्रांतीतून आली असेल, तर उत्क्रांतीतून एवढं थोर काही येऊ शकतं हेच मला त्यावरून कळतं. तू यावर म्हणशील, मग अ‍ॅनी कुठे आहे? तिथे मात्र माझं बोलणं संपतं, आणि तुझं सुरू होतं.